बीएमडब्ल्यू एम२ बेळगावात घ्यायची आहे : पासिंग, ऑप्शन, स्पेसर याबद्दल मदत हवी

केए२२_पेट्रोल
नमस्कार मंडळी. नवीन एम२ घ्यायचं जवळपास ठरलंय. घर शहापुरात. रोज शहरातच फिरणार, अधूनमधून चोर्ला घाटाने गोवा. अडलंय ते असं:
१. पाव्हणे म्हणतात एमएच-०९ (कोल्हापूर) पासिंग करा, टॅक्स वाचतो. खरंच वाचतो का?
२. मॅन्युअल की ऑटोमॅटिक? कार्बन बकेट सीट घ्याव्यात का?
३. मागची चाकं थोडी बाहेर काढायची आहेत. १२ मिमीचे स्पेसर (हब आणि चाकाच्या मध्ये बसणारी चकती) उद्यमबागेतल्या लेथवर टर्न करून घेतले तर चालतील?
४. एक्झॉस्ट आणि रिमॅप (इंजिनाच्या सॉफ्टवेअरची सेटिंग बदलणं) करावा का?

सीमाभाग_आरसी
पासिंगचं आधी निकालात काढा, कारण बाकी सगळे पैसे त्यावर ठरतात. मोटार वाहन कायद्याचं कलम ४० सांगतं की गाडी जिथे राहते किंवा मालकाचा धंदा जिथे आहे तिथेच नोंदवायची. कलम ४७ प्रमाणे दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांपेक्षा जास्त ठेवली तर तिथला नंबर घ्यावा लागतो, म्हणजे कर्नाटकाचा टॅक्स लागणारच. मग कोल्हापुरातला परतावा मागत बसायचं. शिवाय एम२ मेक्सिकोत बनून पूर्ण बांधलेली येते, आणि आयात गाडीला महाराष्ट्रातही दर जास्त आहे. पाव्हण्यांनी इथे बनलेल्या गाडीचा दर धरला असेल तर हिशोब तिथेच चुकला.

कर्नाटकात २० लाखांवरच्या गाडीला लाइफटाइम टॅक्स १८ टक्के, आणि त्या टॅक्सवर ११ टक्के सेस. नोव्हेंबर २०२४ मध्ये ४८० हॉर्सपॉवरची एम२ आली तेव्हा एक्स-शोरूम १.०३ कोटी होती. ती धरली तर १८.५४ लाख अधिक २.०४ लाख, म्हणजे साधारण २०.५८ लाख. आजचं कोटेशन घेऊन हाच हिशोब परत मांडा. एक टक्का टीसीएस (विक्रेता आधीच कापून भरतो तो आयकर) वेगळा, पण तो रिटर्न भरताना वळता होतो. घर शहापुरात आहे तर सरळ केए-२२ (बेळगाव) घ्या.

विम्यात झिरो डेप (क्लेममध्ये घसारा कापत नाहीत) आणि रिटर्न टू इन्व्हॉइस (गाडी पूर्ण गेली तर बिलाची किंमत मिळते) घ्याच, पण टायर-रिम कव्हर अजिबात सोडू नका. आपल्या रस्त्यांवर पहिला क्लेम तिथलाच येतो.

उद्यमबाग_लेथ
स्पेसरबद्दल सविस्तर लिहितो, कारण इथे जिवाचा प्रश्न आहे.

आपल्याकडची मशिन शॉप अचूकतेत कुठेही कमी नाहीत. घोटाळा होतो तो मटेरियल आणि ड्रॉइंगमध्ये. भंगारातल्या ॲल्युमिनियम कास्टिंगचा तुकडा टर्न करून दिला तर त्यात बारीक पोकळ्या असतात, आणि बोल्टच्या भोकापासून तडा जातो. फोर्ज्ड ६०६१-टी६ किंवा ७०७५, तेही टेस्ट सर्टिफिकेटसकट मिळत असेल तरच पुढचा विचार करा.

या गाडीचं पीसीडी (बोल्टची संख्या आणि त्यांच्या वर्तुळाचा व्यास) ५ गुणिले ११२, सेंटर बोअर (चाकाचं मधलं भोक) ६६.५ मिमी, बोल्ट एम१४ गुणिले १.२५. स्पेसरला आतून ६६.५ चं बोअर हवं आणि बाहेरच्या बाजूला तेवढ्याच मापाची कड हवी, म्हणजे चाक त्या कडेवर बसून मध्यावर येतं. कड सैल निघाली की चाक थोडं एका बाजूला बसतं. मग ९०-१००च्या पुढे सीटखाली थरथर सुरू होते, आणि लोक बॅलन्सिंग करत हिंडतात.

दुसरी चूक जुनेच बोल्ट वापरण्याची. स्पेसर १२ मिमी घातला की बोल्टचे १२ मिमी आटे हबमध्ये कमी बसतात. तेवढ्याच जास्त लांबीचे, १०.९ ग्रेडचे, चाकातल्या बोल्टच्या बैठकीला जुळणाऱ्या डोक्याचे बोल्ट घ्या. हाताने फिरवताना निदान ११ फेरे आत गेले पाहिजेत. त्याहून कमी भरले तर ते बोल्ट वापरायचेच नाहीत. हबचा चेहरा वायर ब्रशने साफ करा, कडेला पातळ अँटिसीझ पेस्ट लावा (पावसाळ्यात ॲल्युमिनियम हबला धरून बसतं), पण बोल्टच्या आट्यांना काहीही लावू नका. टॉर्क रेंचने १४० न्यूटन-मीटर, चांदणीच्या क्रमाने, आणि १०० किमीनंतर परत तपासा.

तरी माझं मत विचाराल तर पहिलं वर्ष स्पेसर नकोच. चाक बाहेर आलं की खडी थेट मागच्या फुगीर कमानीवर आणि दारामागच्या पॅनेलवर येते. तेच पैसे पीपीएफला (रंगावर लावायची पारदर्शक संरक्षक फिल्म) घाला.

घाटवाट
लेथवाल्या दादांशी सहमत. पीपीएफ टीपीयू प्लास्टिकचीच घ्या, पीव्हीसीची पिवळी पडते. पुढचा बंपर, बॉनेट, फेंडर, आरसे, दाराखालचा पट्टा आणि मागची कमान एवढं झाकलं तरी भागतं. हे काम ऊस हंगामाआधी उरका. एकदा कारखाने सुरू झाले की संकेश्वर, हुक्केरी, गोकाककडे दोन-दोन ट्रॉल्यांच्या मागे अडकायला होतं, आणि चाकाखालून उडालेला दगड नेमका बॉनेटच्या कडेवर बसतो. फिल्म लावल्यावर आठवडाभर प्रेशर वॉशर नको.

रंग बदलणारा रॅप असेल तर आरसीवर नोंद करावी लागते. काचेला काळी फिल्म लावू नका, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्येच बंद केली आहे.

टायर पुढे २७५/३५ आर१९, मागे २८५/३० आर२०. स्टेपनी नाही, फक्त सीलंट. बाजूची भिंत फाटली की सीलंटचा काही उपयोग नाही. त्यामुळे फ्लॅटबेड टोइंगचा नंबर आधीच ठेवा आणि टो हुक गाडीत आहे का बघा. मागची चाकं खाली ठेवून ओढायची नाही.

मॅन्युअल_प्रेमी
हॉर्सपॉवर दोन्हीत सारखी. टॉर्क ऑटोमॅटिकला ६०० न्यूटन-मीटर, मॅन्युअलला ५५०. रोज खडेबाजार आणि रेल्वे गेट असेल तर ऑटोमॅटिक. चोर्लासाठी घेत असाल तर मॅन्युअल, आणि मी तरी तीच घेईन. कार्बन सीटमध्ये मांड्यांच्या मध्ये कडक उंचवटा असतो आणि बाजूच्या कडा उंच असतात. आई-वडील शेजारी बसणार असतील तर साधी सीट घ्या. बुकिंगआधी अर्धा तास बसूनच बघा.

रिमॅपचं: जून २०२० नंतरचा ईसीयू (इंजिनाचा कॉम्प्युटर) लॉक येतो, तो काढून अनलॉकला पाठवावा लागतो, आणि वॉरंटीला तिथेच अडचण येते. एक्झॉस्ट बदलला तर कलम ५२ आणि १८२ए लागतात, दर बदलाला ५,००० दंड, सहा महिन्यांपर्यंत शिक्षा किंवा दोन्ही. कंपनीच्या एक्झॉस्टमध्ये व्हॉल्व्ह आहेत, बटणाने उघडतात. आधी तो आवाज ऐकून घ्या.

केए२२_पेट्रोल
खूप आभार सगळ्यांचे. केए-२२, मॅन्युअल, साधी सीट, पीपीएफ हे पक्कं. स्पेसर रद्द. रनिंग-इनला (नव्या गाडीच्या पहिल्या काही किलोमीटरांत) काय पाळायचं? आणि दारात गटारावरची फरशी रस्त्यापासून फूटभर उंच आहे, बंपर घासेल का?

उद्यमबाग_लेथ
पहिले २,००० किमी ५,५०० आरपीएमच्या आत, वेग १७० च्या आत, आणि एकाच वेगावर तासन् तास नको. मग इंजिन ऑइल आणि मागच्या डिफरन्शियलचं ऑइल बदलतात, कारण नवीन गिअरांचा चुरा त्यात उतरलेला असतो. ही सर्व्हिस लांबवू नका. ती गोव्याला करणार असाल तर १,८०० किमीच्या आसपासच स्लॉट घ्या.

फूटभर चढाला निदान दहा फूट उतार लागतो, आणि वरची कड गोल करून घ्यायची, नाहीतर पोट टेकतं. एवढी जागा नसेल तर गवंड्याला बोलावून फरशीच खाली घ्या, गाडी यायच्या आधी.