शब्दचर्चा : लोखंड आणि गंधक ‘मिसळून’ की…?

तापीकाठ (भुसावळ) :
लेक आठवीत आहे. वहीत तिनं लिहिलं, ‘लोखंड आणि गंधक मिसळून आयर्न सल्फाइड तयार होते.’ बाईंनी ‘मिसळून’वर लाल रेघ ओढली, शेजारी काहीच लिहिलं नाही. मिसळल्याशिवाय तयार कसं होणार? नेमकं क्रियापद कोणतं?

रावेरकर :
काय भो, सोपं आहे. मिसळलेलं वेगळं काढता येतं, ह्यातलं येत नाही. संपला विषय.

अमळनेरचा मास्तर :
नाही संपला. रावेरकर, तुमच्या घरी कळण्याची भाकरी होत असेलच. (‘आमच्याकडे कयन्याची म्हणतात’ हे तुम्ही सांगण्याआधी मीच सांगतो.) दळून आणलेल्या पिठातून उडीद वेचून दाखवा बरं. नाही निघत. म्हणून कळणा संयुग झाला का? ज्वारी ज्वारीच राहते, उडदाचा चिकटपणाही जिभेला कळतो. शिवाय उडीद किती घालायचे ते घराघराचं वेगळं. खरा प्रश्न आहे, आपापले गुण राहिले का?

हा प्रयोग मी वर्षानुवर्षं वर्गात केला. ७ ग्रॅम लोहकीस, ४ ग्रॅम गंधकाची पूड. कागदावर कालवलं की भिंगातून पिवळे आणि करडे कण शेजारी शेजारी दिसतात. कागदाखालून लोहचुंबक फिरवला की कीस उभा राहतो. इथवर ‘मिसळले’ अगदी बरोबर. मग परीक्षानळीत भरून बुडाला बर्नर लावायचा. गंधक वितळतो आणि बुडाशी लाली धरते. बर्नर काढून घेतला तरी ती लाली आपसूक वर चढत जाते. वर्ग इथं चिडीचूप होतो, कारण आता उष्णता आतूनच येत असते. गार झाल्यावर नळी फडक्यात गुंडाळून फोडली की काळा खडा हाती येतो. त्यात पिवळेपणा नाही की धातूची चकाकी नाही. विरल आम्ल टाकलं तर आधीच्या मिश्रणातून हायड्रोजन निघतो. ह्या खड्यातून सडक्या अंड्याच्या वासाचा हायड्रोजन सल्फाइड निघतो, आणि तो विषारी असतो. म्हणून खिडक्या उघड्या ठेवून दोनच थेंब टाकायचे.

एक गंमत सांगतो. कीस थोडा जास्त पडला तर हा खडासुद्धा चुंबकाकडे सरकतो, आणि मागच्या बाकावरून आवाज येतो, ‘सर, नाही झालं संयुग!’ चुंबक ओढत असतो ते उरलेल्या लोखंडाला.

तेव्हा कालवताना ‘मिसळून’, तापवल्यावर ‘संयोग होऊन’. बाईंची रेघ बरोबर आहे, पण शेजारी दोन शब्द लिहायला काय हरकत होती?

खलबत्ता :
‘संयोग’ फारच सोवळा शब्द वाटतो. आमच्या वैद्यांकडे धातू ‘मारतात’. पारा आणि गंधक खलात घोटत राहिलं की काळीकुळकुळीत कज्जली होते, नाव काजळावरून. तिथं आच लागत नाही, घोटणंच पुरतं. पाऱ्याची चकाकी गेली, पळापळ थांबली, म्हणजे पारा मेला! आणि संस्कृतात ‘संयुग’चा एक अर्थ लढाई, गंधकाचं एक नाव ‘शुल्बारि’, म्हणजे तांब्याचा शत्रू. भाषेला सगळं आधीच ठाऊक होतं.

अमळनेरचा मास्तर :
लढाईचं आवडलं. पण कज्जलीतला पारा ‘मूर्च्छित’ म्हणतात, मेलेला नव्हे. ‘मारण’ म्हणजे पुटं देऊन, म्हणजे बंद भांड्यात पुन्हा पुन्हा भाजून, भस्म करणं. आणि लोहभस्म हे बहुतांशी ऑक्साइड असतं, त्यामुळे लेकीच्या वहीत ‘लोखंड मरून’ लिहू नका.

केळीबाग :
पानाच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा पडला की आम्ही हिराकस देतो. तोही लोखंड-गंधकाचाच ना?

अमळनेरचा मास्तर :
तो फेरस सल्फेट. त्यात ऑक्सिजनही आहे, आणि तो पाण्यात विरघळतो. हा काळा खडा विरघळत नाही. ‘-आइड’ आणि ‘-एट’ एवढाच फरक दिसतो, पण पिकाला खडा टाकून उपयोग नाही.

तापीकाठताई, नळी-बर्नर नको. अंडं वीसेक मिनिटं उकळत ठेवा आणि कापून दाखवा. बलकाभोवती हिरवट-करडी कडा दिसेल. बलकातलं लोह आणि पांढऱ्यातल्या गंधकाचा वायू ह्यांचा तिथं संयोग होतो.

तापीकाठ :
दाखवलं. कडा बघून लेक म्हणाली, ‘हे पण मिसळलं नाही, ना?’ रेघेखाली ‘संयोग होऊन’ लिहिलंय. आता ‘लोखंड’ राहू द्यायचं की ‘लोह’ करायचं?

अमळनेरचा मास्तर :
मूलद्रव्य म्हणून ‘लोह’. खिळा, कढई, विळा असेल तिथं ‘लोखंड’. शब्द मुळात ‘लोहखंड’च आहे. बाईंनी तिथं रेघ मारली नसेल तर मीही मारत नाही.