घटनात्मक राजेशाही: शब्द चुकला की बाईंची लाल रेघ?

नौपाडेकर
भाची नववीत आहे. शनिवारी वादविवाद स्पर्धा, विषय ‘आधुनिक लोकशाहीने घटनात्मक राजेशाही ठेवावी का?’ तिने ‘ठेवावी’च्या बाजूने मुद्दे लिहून शाळेत दाखवले. पहिलंच वाक्य, ‘ब्रिटनमध्ये राजेशाही आहे आणि लोकशाहीही आहे.’ बाईंनी लाल रेघ मारून शेरा दिला: ‘विरुद्धार्थी शब्द आहेत. एक काहीतरी ठरव.’ पोरगी रडायच्या बेतात. बाई चुकल्या हे कळतंय, पण नेमकं काय चुकलं ते मराठीत सांगता येईना. कॉन्स्टिट्यूशनल मोनार्कीला तुम्ही काय म्हणता? घटनात्मक, सांविधानिक, संवैधानिक, नियंत्रित, नामधारी?

पारसिकपार
बाई एकट्या नाहीत, आम्हीही तसंच घोकलं. खरं तर जोड्या दोन आहेत. लोकशाहीसमोर हुकूमशाही आणि राजेशाहीसमोर प्रजासत्ताक. दुसऱ्या जोडीत प्रश्न एवढाच, की सगळ्यात वरची खुर्ची वारशाने मिळते की नाही. नॉर्वे, जपान, नेदरलँड्स लोकशाही आहेत, प्रजासत्ताक नाहीत. उलट उत्तर कोरिया नावात प्रजासत्ताक मिरवतो आणि तिथे खुर्ची आजोबांकडून मुलाकडे, मुलाकडून नातवाकडे आली. शब्द म्हणाल तर ‘घटनात्मक राजेशाही’ रुळलाय. राहू द्या.

निवृत्त मुद्रितशोधक
काहीही लिहा, पण ‘संवैधानिक’ नको. संकेत–सांकेतिक, संस्कृती–सांस्कृतिक, तसं संविधान–सांविधानिक. ‘संवैधानिक’ हिंदी बातम्यांतून घुसला. तीस वर्षं खोडत होतो, आता माझा नातूच लिहितो.

ऐरोली सेक्टर आठ
काका, सांविधानिक म्हणताना जीभ अडखळते, म्हणून लोक संवैधानिक म्हणतात. पण ‘घटनात्मक’ तरी कशाला? घटना म्हणजे घडलेली गोष्ट. आमची आजी ‘राज्यघटना’ ऐकलं की विचारायची, ‘कधी घडली? कोण गेलं?’ आमच्या घरी पहिल्यापासून संविधानच म्हणतात.

निवृत्त मुद्रितशोधक
घट् म्हणजे जोडणे, रचणे. ‘संघटना’मध्ये तेच आहे, तिथे कोण गेलं असं कुणी विचारत नाही. आणि जुन्या नाट्यपरीक्षणांत ‘संविधानक’ म्हणजे नाटकाचं कथानक. वडील गडकरी रंगायतनमधून बाहेर पडताना हमखास म्हणायचे, ‘नटमंडळी झकास, संविधानक ढिलं.’ म्हणून संविधान शब्दही टाकायचा का?

खोपट आगार
सगळे पुढच्या शब्दात अडकलात, गंमत मागच्यात आहे. शाही आला फारसी शाहवरून, म्हणजे राजा. राजेशाहीत राजा दोनदा आणि लोकशाहीत एकदा. बाईंना सांगा, तुमच्या लोकशाहीत शहा आधीच बसलाय! प्रजासत्ताकातही ‘प्रजा’ आहेच, आणि राजाशिवाय प्रजा कुणाची? २६ जानेवारीला आपण दरवर्षी ते अभिमानाने म्हणतो.

शुद्धमराठी
म्हणूनच लोकसत्ता आणि राजसत्ता म्हणावं. शिवाजी महाराजांनी फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश उगाच करवून घेतला का?

खोपट आगार
कोश झाला, तरी लोकांच्या तोंडी पेशवा पेशवाच राहिला. तुम्हीही गावी शिवशाहीनेच जात असाल. तिकिटावर ‘शिवसत्ता’ छापून घ्या.

शुद्धमराठी
बसचं नाव आणि राज्यशास्त्राची संज्ञा यांत फरक असतो. महापौर शब्द सावरकरांनी दिला तेव्हाही लोक हसले होते. आज ठाण्यात मेयर कोण म्हणतं?

साताऱ्याचा, मुक्काम कोपरी
इतक्या लांब कशाला जाता? शाहू महाराज १७४९ मध्ये गेले, त्यानंतर छत्रपती साताऱ्यात आणि कारभार पुण्यात. तरी पेशवाईची वस्त्रं साताऱ्याहूनच यायची. हीच ती घटनात्मक राजेशाही. ब्रिटिशांनी आम्हाला शिकवू नये.

पारसिकपार
नाही हो. ही नामधारी झाली. १७५० मध्ये ताराबाईंनी छत्रपती रामराजांना किल्ल्यावर अडकवलं, तेव्हा त्यांनी कुठल्या कलमाखाली दाद मागायची होती? घटनात्मक म्हणजे राजाचे अधिकार आणि राजावरची बंधनं दोन्ही लिहून ठेवलेली, निदान सगळ्यांनी मान्य केलेली. बेल्जियमचं बघा. १९९० मध्ये राजा बोदुआँने गर्भपाताच्या कायद्यावर सही करायला नकार दिला, मनाला पटत नाही म्हणाला. मंत्रिमंडळाने तो राज्य करायला असमर्थ असल्याचं जाहीर केलं, स्वतः कायद्यावर सह्या केल्या आणि संसदेने त्याला लगेच परत गादीवर बसवलं. राजाची सदसद्विवेकबुद्धी शाबूत, कायदाही झाला. साताऱ्याला अशी सोय नव्हती.
आपल्याकडचं उदाहरण हवं तर औंध संस्थान घ्या. भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३९ मध्ये आपणहून राज्यकारभार प्रजेच्या हाती दिला, तशी घटनाच केली. भाचीला हे द्या, परीक्षक चकित होतील.

ऐरोली सेक्टर आठ
म्हणजे राजाने सही केली नाही तर राजा एक दिवस रजेवर! मग ठेवायचा कशाला? निवडणुकीत आमदाराच्या मुलाला तिकीट मिळालं की आपण घराणेशाही म्हणून बोंबलतो. लंडनचा राजा आला की ‘शाही कुटुंब’ म्हणून पहिल्या पानावर फोटो. नेपाळने २००८ मध्ये काढून टाकला, आभाळ कोसळलं नाही.

साताऱ्याचा, मुक्काम कोपरी
आभाळ नाही, सरकारं कोसळतात. मोजून बघा. आणि नॉर्वेने १९०५ मध्ये सार्वमत घेऊन डेन्मार्कचा राजपुत्र गादीवर बसवला. मतदान करून आणलेला राजा. त्याला घराणेशाही म्हणाल?

ऐरोली सेक्टर आठ
पहिल्याला नाही, पण त्याच्या नातवाला म्हणेन. त्याला कुणी मत दिलं?

खोपट आगार
अवांतर: राजेशाही का, राजशाही का नाही? हिंदीत राजशाही आहे. मला वाटतं आपलं ‘राजे’ आदरार्थी, शहाजीराजेमधलं. म्हणजे मराठीत पद्धतीचं नावसुद्धा अहोजाहो करतं.

निवृत्त मुद्रितशोधक
वाटण्यावर व्युत्पत्ती चालत नाही. आधार द्या.

शुद्धमराठी
राजसत्ता म्हटलं असतं तर हा प्रश्नच आला नसता.

नौपाडेकर
स्पर्धा झाली, दुसरा नंबर. सुरुवात पारसिकपार यांच्या दोन जोड्यांनी केली, औंधही सांगितलं. बाई समोरच बसल्या होत्या, टाळ्या वाजवल्या म्हणे. परीक्षकांनी एकच चूक काढली: राजाला ‘राष्ट्रप्रमुख’ म्हणायचं नाही, ‘राज्यप्रमुख’ म्हणायचं. आता हे काय नवीन?

निवृत्त मुद्रितशोधक
परीक्षक बरोबर आहेत.

पारसिकपार
अजिबात नाही. आपल्याकडे राज्यप्रमुख म्हटलं की लोकांना राज्यपाल आठवणार.

शुद्धमराठी
वेगळा धागा काढा.