सी-३ कमी आलंय म्हणजे मुलाची इम्युनिटी कमी झालीय का?

अनुजा_आई
नमस्कार मंडळी. माझा मुलगा ७ वर्षांचा आहे, पायावर खरूज झाली होती ती खाजवून खाजवून चिघळली, पू झाला, औषधाने बरी पण झाली आणि तीन-चार आठवड्यांनी एक दिवस सकाळी उठला तर डोळे सुजलेले आणि लघवी काळ्या चहासारखी. बीपी पण वाढलेलं. ॲडमिट केलं, किडनीला सूज आहे म्हणाले. आता घरी आलोय, मीठ कमी आणि बीपीची गोळी चालू. रिपोर्टमध्ये सी-३ २८ आहे, लॅबची रेंज ९० ते १८०, सी-४ मात्र नॉर्मल. डॉक्टर म्हणाले कॉम्प्लिमेंट कमी आहे, आठ आठवड्यांनी परत बघू, पण ओपीडीत इतकी गर्दी होती की पुढचं विचारताच आलं नाही. सासूबाई म्हणतायत प्रतिकारशक्ती कमी झालीय, गुळवेलीचा काढा आणि प्रोटीन पावडर सुरू कर. मला कळत नाहीये ते हे की सी-३ जर प्रतिकारशक्तीचं प्रोटीन आहे आणि तेच कमी आहे तर मग एवढी सूज आली कुठून?

डॉ_निखिल_बालरोग
ताई, सी-३ बनायचं थांबलेलं नाही, ते खर्च झालंय. आणि सूज आलीय ती ते खर्च झालं म्हणूनच.

जरा सविस्तर सांगतो. रक्तात तीसच्या वर कॉम्प्लिमेंट प्रोटीन्स असतात, बरीचशी लिव्हरमध्ये बनतात आणि एरवी गप्प फिरत असतात. जंतू सापडला की एक प्रोटीन दुसऱ्याला कापतं, ते तिसऱ्याला, अशी साखळी चालू होते. ती सुरू व्हायचे रस्ते तीन आहेत पण तिन्ही सी-३ वर येऊन मिळतात. सी-३ तुटलं की मोठा तुकडा सी-३-बी जंतूला चिकटतो, मग पांढऱ्या पेशी त्याला पटकन ओळखून गिळतात, आणि छोटा सी-३-ए सूज वाढवतो. पुढे सी-५ तुटतं, त्याचा सी-५-ए हा तुकडा तर भलताच जहाल, रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपायला लागतं आणि न्यूट्रोफिल नावाच्या पांढऱ्या पेशी त्या जागी धावत येतात. उरलेला सी-५-बी हा सी-६, सी-७, सी-८ आणि बऱ्याच सी-९ ना गोळा करून जंतूच्या आवरणाला भोक पाडतो.

आता तुमच्या मुलाचं. खरजेच्या जखमेत स्ट्रेप्टोकोकस नावाचा जंतू शिरला, शरीराने अँटीबॉडीज बनवल्या, जंतू मेला पण त्याचे अवशेष आणि अँटीबॉडीज किडनीच्या गाळण्यांमध्ये अडकले आणि कॉम्प्लिमेंट तिथे पेटलं. गाळणीला सूज, लघवीत रक्त, मीठ-पाणी साठून बीपी, सगळं त्यातूनच. या आजारात त्या तीन रस्त्यांपैकी मुख्यतः अल्टरनेटिव्ह पाथवे चालतो आणि त्या रस्त्यावर सी-४ लागतच नाही, म्हणून सी-३ घसरलं आणि सी-४ जागच्या जागी राहिलं. या जोडीमुळेच डॉक्टरांना निदानाची खात्री वाटली असणार.

अजून एक, साध्या इन्फेक्शनमध्ये लिव्हर सी-३ जास्त बनवतं, म्हणजे आकडा वाढायला हवा. तो २८ वर आलाय याचा अर्थ खर्च फार मोठा झालाय. ६ ते ८ आठवड्यांत बहुतेक मुलांचं आपोआप नॉर्मलला येतं. तसं आलं नाही तर मग ल्युपस (प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटते तो आजार) किंवा सी-३ ग्लोमेरुलोपथी (कॉम्प्लिमेंट किडनीत पेटतच राहतं तो आजार) शोधावी लागते, कधी बायोप्सी करतात, त्यामुळे ती आठ आठवड्यांची तपासणी कृपा करून चुकवू नका, मूल खेळायला लागलं तरी. काढा आणि पावडर आत्ता नको, किडनी सावरतेय, काहीही द्यायच्या आधी तुमच्या डॉक्टरांना विचारा.

लॅबवाली_स्मिता
डॉक्टरांशी सहमत. परत टेस्ट कराल ती शक्यतो त्याच लॅबमध्ये करा, रेंज आणि मशीन वेगळं असलं की आकडे ताडून बघता येत नाहीत. पुढे कधी सीएच-५० (कॉम्प्लिमेंटची साखळी नीट चालते का ते बघणारी टेस्ट) लिहून दिली तर सॅम्पल बर्फात आणि लवकर पोचतंय ना ते बघा, ही प्रोटीन्स उष्णतेला फार नाजूक, ५६ अंशाला अर्धा तास ठेवलं की काम संपतं, आणि सॅम्पल नुसतं बाहेर राहिलं तरी रिपोर्ट खोटाच कमी येतो मग लोक उगाच घाबरतात.

ल्युपसवाली_मेघना
अनुजाताई, मला ल्युपस आहे आणि माझं सी-३, सी-४ दोन्ही पडतं, कारण आमच्यात अँटीबॉडीवाला क्लासिकल पाथवे चालतो. आकडे घसरायला लागले की माझे डॉक्टर लघवी लगेच तपासतात. मलाही नातेवाईक इम्युनिटी वाढव म्हणत राहतात आणि मी इम्युनिटी दाबायच्या गोळ्या घेतेय हे त्यांच्या गळी उतरत नाही. सासूबाईंना शांतपणे समजावा, त्या काळजीपोटीच म्हणतायत.

अनुजा_आई
खूप आभार सगळ्यांचे, आता कुठे डोक्यात प्रकाश पडला. पण जन्मापासूनच ही प्रोटीन्स कमी असतात असंही कुठेतरी वाचलं, ते आमच्याकडे नसेल ना? आणि मोठ्या मुलीच्या बोटांमध्ये पण खाज आहे.

डॉ_निखिल_बालरोग
तसे रुग्ण असतात पण फार कमी. जन्मतः सी-३ नसेल तर लहानपणापासून न्यूमोनियासारखी गंभीर इन्फेक्शन्स परत परत होतात, सी-५ ते सी-९ मधलं एखादं नसेल तर मेनिंगोकोकसचा मेंदूज्वर व्हायचा धोका असतो. तुमच्या मुलाला आधी असं काही झालं नसेल आणि आठ आठवड्यांनी सी-३ वर आलं तर तो विषय संपला.

मुलीचं मात्र आजच बघा. खरजेचं औषध घरातल्या सगळ्यांनी एकाच दिवशी लावायचं, खाज नसली तरी, आणि कपडे-अंथरुणं गरम पाण्यात धुवायची, नाहीतर ती याच्याकडून तिच्याकडे फिरत राहते. तिच्या जखमेत पू दिसला तर डॉक्टरांना दाखवा आणि पुढचे काही आठवडे लघवीचा रंग आणि डोळ्यांची सूज यावर लक्ष ठेवा. मुलाला शाळेत बीपी आणि लघवीचं प्रमाण नीट झाल्यावर तुमच्या डॉक्टरांना विचारून पाठवा. लघवीत सूक्ष्म रक्त मात्र काही महिने दिसू शकतं, कधी वर्षभरही, त्याने घाबरून जाऊ नका.