संकष्टी, एकादशी, प्रदोष : नाशिकमध्ये दिवस आणि वेळ कशी धरायची?

सातपूरकर (प्रश्न)
भिंतीवरच्या कॅलेंडरात चंद्रोदय मुंबईचा दिलाय. नाशिकला तोच धरायचा का? पावसाळ्यात चंद्र दिसलाच नाही तर उपवास कधी सोडायचा? काही महिन्यांत एकादशी लागोपाठ दोन दिवस असते, स्मार्त आणि भागवत. सासूबाई पहिली धरतात, शेजारी दुसरी. आणि चौकटीत तृतीया छापलेली असताना त्या दिवशी संकष्टी कशी? जाणकारांनी जरा सविस्तर सांगावं.

पंचवटीचे पंचांग
आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेतो, कारण बाकीचा घोळ तिथूनच सुरू होतो. चौकटीतली तिथी ही त्या दिवशीच्या सूर्योदयाची असते. व्रताची तिथी मात्र ज्या त्या व्रताच्या वेळेला बघायची. संकष्टीला चंद्रोदयाला वद्य चतुर्थी हवी, प्रदोषाला सूर्यास्तानंतर त्रयोदशी हवी.

समजा सोमवारी दुपारी चारला चतुर्थी लागली आणि मंगळवारी संध्याकाळी पाचला संपली. मंगळवारच्या चौकटीत चतुर्थी दिसेल, पण रात्री चंद्र उगवेल तेव्हा पंचमी असेल. म्हणून संकष्टी सोमवारी. अशा महिन्यात 'मंगळवारी चतुर्थी, म्हणजे अंगारकी' असं धरून लोक मोदकेश्वराला किंवा नवश्या गणपतीला जातात; दर्शन कधीही घ्यावं, पण अंगारकी ती नव्हे. दोन्ही दिवशी चंद्रोदयाला चतुर्थी असेल तर पहिला दिवस घ्यायचा, दोन्ही दिवशी नसेल तर दुसरा.

मुळात सूर्य आणि चंद्र यांच्यातलं अंतर १२ अंशांनी वाढलं की एक तिथी पुरी होते. चंद्राची गती कमीजास्त होते, त्यामुळे तिथी कधी १९-२० तासांत आटोपते, कधी २६ तासांपर्यंत लांबते. क्षयतिथी (जी एकाही सूर्योदयाला नसते) आणि वृद्धितिथी (जी दोन सूर्योदयांना असते) त्यातूनच येतात.

गंगापूर रोड
चंद्रोदयाचं सांगतो. नाशिक मुंबईच्या पूर्वेला जेमतेम एक अंश आहे, म्हणून आपल्याकडे चंद्र साधारण तीन-चार मिनिटं आधी उगवतो. ऋतूप्रमाणे त्यात मिनिट-दोन मिनिटांचा फरक. मुंबईची वेळ पाळली तर उपवास चार मिनिटं लांबतो, बिघडत काही नाही. नागपूरची वेळ मात्र धरू नका, ती आपल्या वीसेक मिनिटं आधीची असते.

छापील वेळ मोकळ्या क्षितिजाची असते. समोर इमारत किंवा डोंगर असेल तर चंद्र वर यायला आणखी अर्धा तासही लागतो. शिवाय तो दर महिन्याला नेमका पूर्वेलाच उगवत नाही. नोव्हेंबरच्या सुमारास संकष्टीचा चंद्र ईशान्येकडे सरकलेला असतो, मेच्या सुमारास आग्नेयेकडे. गच्चीत नेहमीच्या कोपऱ्यात उभं राहून 'अजून उगवला नाही' म्हणणाऱ्यांची निम्मी गडबड इथेच होते. ढग असतील तर पंचांगातली वेळ झाल्यावर पूर्वेकडे तोंड करून अर्घ्य द्यावं, नैवेद्य दाखवावा आणि जेवावं. ढग जाण्याची वाट बघत बसायची गरज नाही.

मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर रात्री नऊ-साडेनऊपर्यंत निरंकार राहू नये. डॉक्टरांना विचारून दिवसा फराळ ठेवावा.

त्र्यंबकची वाट
दोन एकादश्यांचं गणित असं : सूर्योदयाच्या चार घटका आधी, म्हणजे ९६ मिनिटं आधी अरुणोदय. सूर्योदय साडेसहाला धरला तर अरुणोदय चार चोपन्नला. दशमी सव्वापाचपर्यंत असेल तर सूर्योदयाला एकादशीच आहे, म्हणून स्मार्तांची त्या दिवशी. पण अरुणोदयाला दशमीचा वेध झाला, म्हणून भागवत एकादशी दुसऱ्या दिवशी. वारकरी घरात दुसरी धरतात. तुमच्या घरात जी चालत आलीय तीच धरा, सासूबाईंचं चुकत नाही आणि शेजाऱ्यांचंही नाही.

मोबाइलवरच्या पंचांगात गाव नाशिक आणि महिना अमान्त, म्हणजे अमावास्येला संपणारा, निवडा. नाहीतर निवृत्तिनाथांच्या यात्रेची पौष वद्य एकादशी तुम्हाला 'माघ कृष्ण' दिसेल. दिवस तोच, उत्तरेत महिना पौर्णिमेला संपतो एवढंच.

सातपूरकर
खूप आभार. एकादशी सोडायची कधी? आम्ही दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला जेवतो.

त्र्यंबकची वाट
नेहमी बारा चालणार नाही. द्वादशी संपायच्या आत पारणं हवं आणि द्वादशीचा पहिला चतुर्थांश, म्हणजे हरिवासर, टाळायचा. द्वादशी पहाटे पाचला लागली तर अकराच्या सुमारास हरिवासर संपतो, तेव्हा बारा योग्य. पण द्वादशी सकाळी पावणेआठलाच संपत असेल तर कुकर पहाटेच लावायला हवा. तेही जमत नसेल तर वेळेत तुळशीपत्र आणि पाणी घेऊन पारणं करावं, जेवण मागाहून.

भगरवाली
फराळाबद्दल एक कळकळीने सांगते. भगरीचं सुटं पीठ विकत आणू नका. दमट हवेत त्याला बुरशी लवकर धरते आणि तिचं विष शिजवूनही पुरतं जात नाही. उपवासाच्या दिवसांत उलट्या, चक्कर, हातपाय थरथरणं हे प्रकार त्यातून होतात. बंद पाकिटातली भगर तारीख बघून घ्या, निवडा, दोन-तीन पाण्यांनी धुवा, आणि पीठ लागेल तेवढंच घरी दळा. शिजवताना वाटीभर भगर तुपावर परतून तीन वाट्या उकळतं पाणी घाला. गार पाणी घातलं की गुठळ्या होतात आणि मधे दाणा कच्चा राहतो. कुबट वास आला तर सरळ टाकून द्या, त्या दिवशी रताळी उकडा.