प्रतिसाद: लांब स्लॉट म्हणजे पूर्ण लेन नव्हे

एकाच मशीनमध्ये दोन ग्राफिक्स कार्डं लावून ब्लेंडरमध्ये (थ्रीडीचं सॉफ्टवेअर) रेंडर, म्हणजे सीनचं अंतिम चित्र काढायचा हा विषय. "बोर्डावर दोन लांब स्लॉट आहेत, म्हणजे दोन्ही कार्डं पूर्ण वेगाने चालतील" असं वर एकानं म्हटलंय. स्वस्त बोर्डांवर ते बहुतेक खरं नसतं. खालचा स्लॉट दिसायला एक्स१६, म्हणजे सोळा लेनचा (लेन म्हणजे डेटा जायच्या वाटा), आत मात्र चारच लेन, त्याही थेट प्रोसेसरकडून नाही, बोर्डावरच्या चिपसेटमधून. ब्लेंडरच्या रेंडरला यानं फारसं अडत नाही. सीन एकदा कार्डाच्या मेमरीत चढला की झालं. पण दोन्ही कार्डांची ८-८ जीबी मेमरी मिळून १६ होत नाही, हे पक्कं धरा.

विजेचं कुणीच बोललं नाही, आणि आपल्याकडे खरी अडचण तीच. स्लॉट ७५ वॅट देतो, ८ पिनची जोडणी १५०. प्रत्येक कार्डाला एसएमपीएसपासून (मशीनच्या पॉवर सप्लायपासून) वेगळी केबल ओढा. एकाच केबलची दोन टोकं दोन कार्डांना देऊ नका, कनेक्टर तापून पिवळा पडतो. पंपांच्या फीडरवर घर असेल तर ओलिताच्या वेळी व्होल्टेज बसतं आणि मशीन नेमकं फुल लोडवर रीस्टार्ट होतं. ६०० व्हीएचा यूपीएस साधारण ३६० वॅटचाच, तो इथं पुरत नाही. मे महिन्यात चंद्रपूर-वर्ध्याकडे पारा ४५ला टेकतो, त्यात वरचं कार्ड खालच्याची गरम हवा ओढतं. आफ्टरबर्नर या कार्डाच्या सेटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट (कार्डानं किती वीज ओढायची ती मर्यादा) ७५ टक्क्यांवर आणा. रेंडरचा वेळ त्यामानानं थोडाच वाढतो.