अनुभव धागा: बाळाचं स्कँडिनेव्हियन नाव कसं ठरवलंत?

सातवा महिना चालू आहे. नवरा स्वीडिश, मी साताऱ्याची, राहतो लुंडला. आडनाव माझं लागणार, म्हणून नाव स्वीडिश, एवढी तडजोड झाली. पण नेमकं कुठलं, यावर दोन महिने बैठका चालू आहेत. नवऱ्याची यादी फ्रिजवर लावलेली आहे, साताऱ्याची रोज रात्री व्हॉट्सॅपवर येते. इथे जन्मल्यापासून तीन महिन्यांत नाव कळवावं लागतं, तेही करखात्याला, कारण लोकसंख्येची नोंद त्यांच्याकडे. दादा म्हणाला, "म्हणजे पोर जन्मलं की लगेच टॅक्स!"

माझ्या अटी दोन. डोक्यावर टिंबं किंवा गोल असलेली अक्षरं नकोत, कारण पासपोर्टच्या खालच्या ओळीत एका अक्षराची दोन होतात आणि पुढे प्रत्येक फॉर्मवर खुलासा करत बसावं लागतं. आणि माझ्या आईला ते नाव घेऊन हाक मारता आली पाहिजे. तुम्ही काय केलंत? पस्तावला असाल तर तेही लिहा.

दोन मुलींची आई, स्टॉकहोम

थोरली जुई. ठेवताना वाटलं, दोन अक्षरी नाव आहे, कोणालाही जमेल. पाळणाघरात पहिल्याच दिवशी 'युई' झाली. स्वीडिशमध्ये 'जे' या अक्षराचा उच्चार 'य', हे मला माहीत होतं, तरी स्वतःच्या पोरीच्या बाबतीत डोक्यात आलं नाही! सहा महिने सगळ्यांना दुरुस्त करत होते. मग एक दिवस तीच म्हणाली, "आई, तिकडे मी युई आहे. तू मधे बोलू नकोस."

धाकटीच्या वेळी शहाणपणा केला. माया. आपलंही आणि इथलंही, इथे तर अगदी घरोघरी. नवरा म्हणाला, मग इथल्यासारखं 'जे' घालूनच लिहू, स्पेलिंग सांगत बसायला नको. खरंच सांगावं लागलं नाही, कधीच. पहिल्या पुणेवारीत लस द्यायला नेलं. रांगेत बसलोय, आतून हाक आली, "मजा! मजा कोण आहे?" सगळी रांग हसली. सासूबाई तेव्हापासून तिला मजाच म्हणतात.

तर एकीचं नाव इथे बदलतं, दुसरीचं तिथे. दोन्हीकडे चालणारं नाव नुसतं कानाने निवडू नका. कागदावर लिहा आणि दोन्हीकडच्या अनोळखी माणसाला वाचायला द्या.

ईदाचे बाबा, ओस्लो

बायको नॉर्वेची. तिच्या पणजीचं नाव ईदा, म्हणून मुलीचं ईदा. मला नाव आवडलंच होतं. काकांनी इंग्रजी स्पेलिंग वाचून नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकलं, "इडा आली हो!" आजीचा तासाभरात फोन. "अरे, इडापिडा टळो म्हणतो ना आपण? आणि तू तिला घरी आणलीस?"

सावरलं आजोबांनी. इडा म्हणजे मनूची मुलगी, वेदातली देवता, शिवाय इडा-पिंगला नाड्यांतली इडा, असं त्यांनी अर्धा तास समजावलं. आजीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पिडा आणू नका म्हणजे झालं." दुसरी मुलगी झाली, तेव्हा बायकोनेच विचारलं की पिडा म्हणजे नक्की काय.

गोथेनबर्ग (शहराचं नावसुद्धा इथले लोक 'येतेबॉरी' म्हणतात, मग माझी काय कथा)

मी किरण. 'क'पुढे 'इ' आली की स्वीडिशमध्ये ती 'श'कडे झुकते, म्हणून अनोळखी माणूस मला शिरान म्हणतो. मुलाला हा ताप नको होता. वडिलांचं नाव अरविंद, नातवाला आजोबांचं नाव द्यायचं हे ठरलेलं. अनुस्वार काढला, मुलगा आर्विद झाला. अस्सल जुनं नॉर्डिक नाव, गरुड आणि झाड या दोन शब्दांचं. कमळाचा गरुड झाला, पण बाबा खूश आहेत. एक सूचना: मधे वडिलांचं नाव आपल्या पद्धतीने घातलं, तर इथे ते मुलाचं स्वतःचं दुसरं नाव धरतात. माझा मुलगा कागदोपत्री आर्विद किरण आहे, म्हणजे पुढे तोही कुठे ना कुठे शिरान होणार.

उपसाला

आजीच्या नावावरून लीला. 'डबल ई' घातला तर इथे 'लेला' वाचतील, म्हणून एकच 'आय' घातला. त्या स्पेलिंगचा स्वीडिश अर्थ जांभळा. मुलगी चार वर्षांची आहे, जांभळ्याशिवाय दुसरा रंग अंगाला लावून घेत नाही.

ऑर्हुस, डेन्मार्क

आमच्याकडे मंजूर नावांची सरकारी यादी असते. त्यातलं नाव घेतलं तर काम सोपं, बाहेरचं हवं तर अर्ज करा. मुदत सहा महिने. आणि तुमचा धर्म कुठलाही असो, नोंद बहुतेक ठिकाणी चर्चच्या कार्यालयातच होते. आम्ही यादीतलं आस्ट्रिड घेतलं, नोंद झाली, मग जानेवारीत हौसेने बारसं केलं. आत्या ठाण्यात, साडेचार तास पुढे. फोन बाळाच्या कानाशी धरला. आत्या "कुर्रर्र" म्हणाली आणि नेटवर्क गेलं. पुन्हा लावला तर म्हणते, "मी सांगितलं की कानात, आता परत नाही सांगणार." तिने काय सांगितलं ते आजतागायत कळलेलं नाही. मला शंका आहे की आस्ट्रिड नव्हतं.

रेक्याविक (आइसलँड स्कँडिनेव्हियात येतं की नाही यावर इथे वाद नको)

इथे नाव नोंदणी-यादीत नसेल तर एक समिती ते तपासते. 1991 च्या कायद्याने आलेली ही समिती सगळ्यांच्या चेष्टेचा विषय आहे, पण तिची एक अट मला मराठी माणूस म्हणून लगेच कळली. नावाला विभक्ती लागली पाहिजे! इथली नावं वाक्यात रूप बदलतात. रामाचा, सीतेला म्हणणाऱ्यांना यात नवल ते काय? बाकीचे परदेशी सहकारी डोकं धरून बसतात.

समितीची दुसरी बाजूही सांगतो. ब्लाइर नावाच्या मुलीला, अर्थ मंद झुळूक, ते नाव पुरुषी आहे म्हणून नाकारलं होतं. 2013 मध्ये कोर्टाने परवानगी दिली, तेव्हा ती 15 वर्षांची होती. तोवर सरकारी कागदावर तिचं नाव नुसतं 'मुलगी'. 2019 पासून नावांना स्त्री-पुरुष असं बंधन राहिलेलं नाही.

आमच्या मुलाचं नाव चंद्रावरून. उच्चार 'माउनी', इंग्रजी अक्षरांत मात्र 'मनी' दिसतं. आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "माऊ?" लिहून पाठवलं तर म्हणाली, "मनी?" कसंही करा, मांजरच. यांच्या पुराणात चंद्र पुरुष आणि सूर्य बाई. चांदोमामामुळे पहिलं आईला पटलं, दुसरं अजून नाही. आडनाव इथे सहसा नसतं, माझ्या नावाला 'सोन' जोडला की झालं. आपल्याकडच्या दाखल्यावर वडिलांचं नाव मधे असतं, इथे त्याला शेपटी लावून शेवटी ठेवतात.

नागपूर

आमचा त्या देशांशी संबंध शून्य. नाव कानाला गोड लागलं म्हणून फ्रेया ठेवलं. जन्मदाखल्यावर 'फ्रेय्या' आलं, आधारवर 'फ्रिया', दुरुस्तीला सहा चकरा. घरात खूप ऐकून घेतलं, आपल्यात देव्या कमी आहेत का वगैरे. मग मी सांगितलं की ही देवी मांजरांच्या रथातून फिरते. आजेसासूबाई पटकन म्हणाल्या, "अगं, मग ही आपली षष्ठीच की, तिचंही वाहन मांजर." त्याच भरात वाचलं की त्यांच्याकडेही पोर जन्मलं की त्याचं नशीब ठरवायला नॉर्न नावाच्या बाया येतात. म्हणजे सटवाई तिकडेही जाते! मला तेव्हा जरा बरं वाटलं, पण खरं सांगते, पुन्हा ठेवायचं झालं तर ठेवणार नाही. मुलीला दर वेळी "कुठलं गं हे नाव?" याला उत्तर द्यावं लागतं आणि तिच्याकडे उत्तर नाही. तुमच्या मुलांकडे निदान आजी-आजोबा आहेत तिकडचे.

एक आजी, ओस्लो

आम्ही 1974 साली आलो. तेव्हा सगळे अनिता, नीना, सोनिया ठेवत. सोनिया तर इथल्या युवराज्ञीचंच नाव, आता ती राणी आहे. आम्हीही मुलीचं नीना ठेवलं, कुणाला अडचण नको म्हणून. तिने तिच्या मुलाचं नाव ज्ञानेश्वर ठेवलं आहे. इथल्या शिक्षिकेने ते शिकायला दोन आठवडे घेतले, पण शिकली.

धागा काढणारी, लुंड

सगळ्यांचे आभार. मुलगी झाली. स्टॉकहोमच्या ताईंचं ऐकून सहा नावं कागदावर लिहून साताऱ्याला आईला आणि इथे शेजारच्या काकूंना वाचायला दिली. तीन तिथेच गळाली. 81 व्या दिवशी करखात्याला नाव कळवलं: सिग्ने. टिंब नाही, गोल नाही, अर्थ नवा विजय. उच्चार 'सिङ्ने'च्या जवळचा, तो मी आईला चार वेळा सांगितला. पाचव्या वेळी आई म्हणाली, "कळलं गं, सगुणा." आता नवराही घरात सगुणाच म्हणतो, फक्त 'ण' त्याला येत नाही.