मदत हवी आहे: बंद समजलेला जुना सीसीटीव्ही चालू निघाला, आता काढू कसा?

नमस्कार मंडळी, इलेक्ट्रॉनिक्समधलं मला शष्प कळत नाही त्यामुळे प्रश्न बाळबोध वाटले तर सांभाळून घ्या.

दोन महिन्यांपूर्वी एका जुन्या घरात राहायला आलो. आधीच्या मालकांनी पंखेसुद्धा काढून नेले, पण बाहेरचे चार कॅमेरे तसेच ठेवले. पिवळे पडलेले, एकावर तर कुंभारमाशीने घर केलेलं, त्यामुळे ते बंदच असणार असं मी धरून चाललो. शेजारच्या काकूंनी आल्या आल्याच विचारलं होतं, हे चालू आहेत का हो, एकाचं तोंड सरळ आमच्या दाराकडे आहे. मी छातीठोकपणे सांगितलं, छे हो काकू, नुसती शोभा आहे.

परवा बाहेरचा बल्ब गेला होता म्हणून अंधारात बाहेर आलो तर त्याच कॅमेऱ्याच्या काचेत बारीक लालसर ठिपके. मोबाइलचा कॅमेरा त्यावर धरला तर स्क्रीनवर जांभळट उजेड. म्हणजे करंट येतोय! वायरीचा माग काढत गेलो तर माळ्यावर जुन्या गाद्यांच्या मागे एका खोक्यात डीव्हीआर (कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणारी पेटी) घरघरत बसलाय. त्याला एचडीएमआय वगैरे काही नाही, अडगळीतला व्हीजीए मॉनिटर जोडला तेव्हा चार चित्रं आली, तारीख २००० सालचा जानेवारी, आणि सकाळी बनियनवर झाडांना पाणी घालताना मी स्वतःही यात रेकॉर्ड होत असणार हे लक्षात आलं. प्लेबॅकला पासवर्ड मागतो. आधीच्या मालकांना फोन केला तर म्हणाले पासवर्ड मुलाला ठाऊक, आणि वर "असू द्या की, चोर तरी घाबरतील".

मला हे सगळं उतरवायचंय. सुरुवात कुठून करू? आतल्या हार्ड डिस्कवर दुसऱ्यांच्या घरातलं काहीबाही असेल तर तिचं काय करायचं? वायरी पुढे उपयोगाच्या आहेत का? एक कॅमेरा दिवसा नीट दिसतो आणि रात्री गायब होतो तो का? आणि सगळ्यात विचित्र, कॅमेरे चार आहेत पण डीव्हीआरच्या मागे पाच पिना लावलेल्या आहेत. पाचवी वायर भिंतीत जाते, पुढे कुठे ते कळत नाहीये.

प्रतिसाद १
पहिलं काम, काकूंच्या दाराकडच्या कॅमेऱ्याचं तोंड फिरवा नाहीतर त्यावर काळी चिकटपट्टी लावा, बाकी सगळं नंतर. आणि हौस म्हणून डीव्हीआरला राउटर जोडू नका. २०१६ मध्ये मिराय नावाचा मालवेअर असल्याच डीव्हीआर आणि कॅमेऱ्यांत फॅक्टरीचे पासवर्ड वापरून घुसला होता, आणि त्यांच्याच फौजेने हल्ला करून मोठमोठ्या वेबसाइट काही तास बंद पाडल्या होत्या. या जुन्या पेट्यांना नवीन अपडेट येत नाही, आणि बऱ्याच जणींना ब्राउझरमधून बघायचं तर इंटरनेट एक्सप्लोरर लागतो, जो मायक्रोसॉफ्टनेच २०२२ मध्ये गुंडाळला.

प्रतिसाद २
रात्री गायब होणारा कॅमेरा बिघडलेला असेलच असं नाही. अंधार पडला की आयआर एलईडी (अंधारात दिसावं म्हणून कॅमेऱ्यातच असलेले इन्फ्रारेड दिवे, तुम्हाला दिसलेले लालसर ठिपके तेच) लागतात आणि कॅमेरा जास्त करंट ओढतो. सप्लाय म्हातारा झाला असेल किंवा लांबच्या बारीक वायरीत जोडाला गंज चढला असेल तर १२ व्होल्ट तिथे पोचेपर्यंत १० च्या खाली येतात, कॅमेरा बंद पडतो, लोड गेला की परत चालू होतो, परत पडतो. मल्टिमीटर असेल तर रात्री कॅमेऱ्याच्या टोकाशी मोजा. अर्थात काढूनच टाकणार असाल तर कशाला ती उस्तवार.

प्रतिसाद ३
मी ही कामं करतो त्यामुळे जरा सविस्तर लिहितो. कॅमेऱ्याला १२ व्होल्ट डीसी जातं, त्याने काही होत नाही, पण माळ्यावर जाळीचा पत्र्याचा डबा असेल (एसएमपीएस, म्हणजे घरच्या करंटचे १२ व्होल्ट करणारा सप्लाय) त्यात घरचा करंट थेट येतो. मेन पाडा, इन्व्हर्टर असेल तर तोही बंद करा (लोक हमखास हा विसरतात), टेस्टरने बघा आणि मगच हात घाला. डबा उघडू नका, बंद केल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये चार्ज राहतो. मागच्या गोल पिना बीएनसी म्हणतात, त्या ओढून निघत नाहीत, आत दाबून डावीकडे पाव फेरा द्यायचा. बाहेरच्या पिना गंजून धरल्या असतील तर सरळ कापा. वायर बहुतेक थ्री प्लस वन असेल, म्हणजे एक कोअॅक्स (चित्राची, टीव्हीच्या केबलसारखी जाड वायर) आणि सोबत तीन बारीक वायरी, पॉवरच्या आणि माइकच्या.

ती वायर लगेच ओढून काढू नका! पाइपातून गेली असेल आणि हलत असेल तर तिच्याच टोकाला नवी कॅट सिक्स (नेटवर्कची केबल) बांधून ओढून घेता येते. क्लिपांनी ठोकलेली किंवा प्लास्टरमध्ये गाडलेली असेल तर नाद सोडा, टोकं टेप करून कुठली कुठे जाते त्याची चिठ्ठी लावून ठेवा. आणि पुढेमागे परत कॅमेरे लावायचे झाले तर कोअॅक्स चांगली असेल तर तिच्यावरच आजचे एचडी कॅमेरे चालतात. तुमचं जुनं चित्र फार तर ७०४ बाय ५७६ चं असेल, त्याच वायरीतून १०८० पी येतं. एक्सव्हीआर (जुने आणि नवे दोन्ही कॅमेरे घेणारा डीव्हीआर) घेतलात तर जुने कॅमेरेसुद्धा त्याला चालतात, एकेक करून बदला.

प्रतिसाद ४
डिस्कबद्दल. चार कॅमेरे प्रत्येकी ५१२ केबीपीएसने लिहीत असतील तर दिवसाला साधारण २२ जीबी होतात, म्हणजे ५०० जीबीची डिस्क तीन आठवड्यांत भरते आणि मग जुन्यावर नवं लिहिलं जातं. तुम्ही दोन महिने राहताय, म्हणजे त्यात आधीचे लोक नाहीत, तुम्हीच आहात, बनियनसकट. मात्र ओव्हरराइट बंद असेल तर उलटं, भरली तेव्हा थांबली आणि आत सगळं त्यांचंच. दोन्हीकडून पुसलेली बरी. कॉम्प्युटरला जोडलीत की विंडोज म्हणेल डिस्क फॉरमॅट करायची का, त्यावरून ती रिकामी समजू नका, डीव्हीआरची फाइल सिस्टीम विंडोजला वाचता येत नाही इतकंच. क्विक फॉरमॅटने डेटा जात नाही, फुल फॉरमॅट करा, वेळ लागतो पण सगळीकडे शून्यं लिहिली जातात. डिस्क निवडताना डोळे उघडे ठेवा, मी एकदा घाईत स्वतःचीच उडवली आहे. आणि वर्षानुवर्षं चोवीस तास फिरलेली आहे, फोटो ठेवायला वापरू नका.

प्रतिसाद ५
पाचव्या चॅनलवर काय दिसतं ते सांगा आधी. "व्हिडिओ लॉस" असं लिहून येतं का नुसतं काळं? लॉस म्हणजे पलीकडून सिग्नलच नाही, कापलेली वायर. पण लॉस न लिहिता नुसतं काळं किंवा करडं येत असेल तर पलीकडे कॅमेरा जिवंत आहे आणि झाकलेला आहे.

धागाकर्ता
सगळ्यांचे आभार. कॅमेऱ्यावर पट्टी लावली आणि काकूंना जाऊन खरं सांगितलं, दोन दिवस बोलल्या नाहीत. डिस्क फॉरमॅटला लावली आहे, सकाळपासून ४० टक्के.

पाचव्यावर लॉस नाही, एकसारखं पांढुरकं करडं येत होतं. डीव्हीआर चालू ठेवून बायको माळ्यावर मॉनिटरसमोर आणि मी टॉर्च घेऊन खोल्या खोल्या फिरलो, जिथे चित्र उजळेल तिथे ओरड म्हटलं. हॉलमध्ये ओरडली. छतावर एक गोल उंचवटा आहे तो आम्ही इतके दिवस जुन्या दिव्याचं झाकण समजत होतो, रंगाऱ्याने घुमटासकट पांढरा मारलाय. तीन कोट तरी असतील. काढायला गेलो तर स्क्रूच्या खाचाही रंगाने भरल्यात, ड्रायव्हर बसत नाहीये, जोर लावला तर पीओपी येईल खाली. यावर काही युक्ती?